न फुलल्याचीही नोंद

नांदगावच्या तिठ्यावर देवगडचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. पौष-माघात तिथे दोन माणसे भेटली की बोलणे मोहोरावर येते. ''औंदा मोहर उशिरान इलो,'' असे एक म्हणतो आणि दुसरा मान डोलावतो. पण उशिरा म्हणजे कधीपेक्षा? याचे उत्तर आठवणीत सापडत नाही, वहीत सापडते. अशी वही ठेवायला शाळेसारखी जागा नाही, असे आम्हाला वाटते.

पाऊस आणि तापमान वेधशाळा मोजते. पालवी कधी फुटली हे मात्र डोळ्यांनीच पाहावे लागते, तेही गावोगावी, वर्षानुवर्षे. मूठभर संशोधकांना हे झेपणारे नाही. म्हणून २०१० साली भारतात 'सीझनवॉच' हा उपक्रम सुरू झाला. केरळातील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे. काम साधे आहे. एक झाड ठरवायचे आणि दर आठवड्याला त्याच झाडाची पाने, फुले, फळे पाहून 'नाही', 'थोडी' किंवा 'पुष्कळ' असे लिहायचे.

यातला 'नाही' मुलांना निरर्थक वाटतो. ''सर, काहीच नाही, काय लिहू?'' पण १० तारखेला मोहोर दिसला एवढेच लिहिले, तर तो १० ला आला की महिनाभर आधीच आला होता, हे कळत नाही. ३ तारखेला 'नाही' लिहिलेले असेल तर मोहोर त्या सात दिवसांतच आला, हे नक्की होते.

जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून रोजनिश्यांत मिळतात. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला. तोवरच्या बाराशे वर्षांतला तो सर्वांत लवकरचा, हे त्या जुन्या नोंदींमुळेच सांगता आले. लिहिणाऱ्यांना हवामानबदल ठाऊक नव्हता. त्यांचे लक्ष सणाकडे होते.

आपल्याकडे झाड निवडताना मात्र एक पथ्य पाळावे. बागेतल्या हापूसला पुष्कळदा 'कल्टार' (पॅक्लोब्युट्राझोल) घातलेले असते. त्याने मोहोर लवकर येतो, म्हणजे आपण हवामान न मोजता बागायतदाराचे औषध मोजू! शाळेजवळचा, कोणी काही न घातलेला रायवळ बरा. पाऊस लांबला की मोहोराऐवजी पुन्हा पालवी फुटते. तेव्हा पालवीची नोंदही तितक्याच काळजीने घ्यावी.

दोन गटांनी एकमेकांची वही न पाहता लिहावे. 'थोडी' की 'पुष्कळ' यावर वाद होणारच. तो मिटवण्याआधी दोन्ही नोंदी तशाच ठेवाव्यात. मतभेद किती, हीही माहितीच आहे.

अडचण येते मे महिन्यात. रायवळ पिकतो आणि शाळेला सुट्टी असते. जवळ राहणारे एखादे मूल मिळाले तर उत्तम. नाहीतर ते रकाने कोरे सोडावेत, अंदाजाने भरू नयेत आणि तिथे 'नाही' तर मुळीच लिहू नये. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिले नाही. 'नाही' म्हणजे पाहिले आणि नव्हते.