उजनीचा इशारा, मधुबनची जबाबदारी

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी दमणगंगा मधुबनच्या जलाशयात विसावते आणि पुढे सिल्वासा, वापी या परिसरातून वाहत दमणपाशी सागरास मिळते. सिल्वासाशेजारच्या अथालकरांना ही नदी घरच्यासारखी. तिचे पाणी उद्या हिरवेगार झाले तर? असा प्रश्न आज विचारणे काहींना अनाठायी वाटेल. आम्हांस तो वाटत नाही, कारण उजनीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

भीमेवरील उजनी जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात हिरवे पडल्याच्या तक्रारी आता नव्या राहिलेल्या नाहीत. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि अखेर उजनीत साचते. सोलापूर शहर हेच पाणी पिते. कोणी याला उन्हाळ्याचा दोष म्हणेल. ऊन आणि संथ पाणी यांचा त्यात वाटा आहे हे खरे; परंतु ऊन ही काडी आहे, सरपण आपण रचलेले असते. ते सरपण म्हणजे मैला, साबणाची भुकटी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांतील फॉस्फरस व नायट्रोजन. 1973 साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा ताणला. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. त्यानंतर वादास फारशी जागा उरली नाही.

हे निळे-हिरवे शेवाळ केवळ कुरूप नसते. ते मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. त्याच्या काही जाती यकृतास घातक विष निर्माण करतात आणि ते विष पाणी उकळून नाहीसे होत नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या सुमारे चार-पाच लाख नागरिकांना ईरी सरोवरातून येणारे नळाचे पाणी दोन-तीन दिवस वर्ज्य करावे लागले. श्रीमंत राष्ट्राची ही गत, तर आपला पाड काय?

मधुबनची अवस्था उजनीसारखी झाली आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या माथ्यावर पुण्याएवढे शहर नाही, हे आपले भाग्यच. पण भाग्यावर विसंबून पाणी राखता येत नाही. दुधनीस नौकाविहारासाठी पर्यटक येतात. काठावरची वस्ती वाढेल तसे सांडपाणीही वाढेल. एकदा फॉस्फरस तळाच्या गाळात मुरला, की वरचा ओघ थांबवल्यावरही तो वर्षानुवर्षे पाण्यात परतत राहतो. म्हणूनच उपाय आधी हवा. जलाशयातील फॉस्फरसची नियमित मोजणी व्हावी, तिचे आकडे लोकांपुढे यावेत, काठावरचा मैला शुद्ध केल्याविना पाण्यात जाऊ नये आणि खत शेतास लागेल तेवढेच पडावे. पाणलोट महाराष्ट्र, गुजरात व केंद्रशासित प्रदेश यांत विभागलेला आहे. म्हणून हे काम तिघांनी मिळूनच करावे लागेल. पाणी सरहद्द ओळखत नाही.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. तेव्हापासून या भूमीच्या बऱ्यावाईटाचे धनी आपणच आहोत. उद्या दमणगंगा हिरवी झाली, तर दोष देण्यास परका राज्यकर्ता सापडणार नाही.