कण्हेर लावा, पण छाटणीवर नजर ठेवा

चैत्र-वैशाखात नाशिकहून चांदवड-मालेगावकडे निघाले की दोन्ही बाजूंची रानं करपलेली दिसतात. बांधावरचं गवत वाळून गेलेलं, विहिरींनी तळ गाठलेला. अशा दिवसांत डोळ्यांना गारवा देते ती महामार्गाच्या दुभाजकावरची, शाळेच्या आवारातली, वस्तीच्या कुंपणातली कण्हेर. गुलाबी, पांढऱ्या, लाल फुलांनी ती लगडलेली असते. पाणी घातलं तर बरं, नाही घातलं तरी तक्रार नाही.

सिन्नर, येवला, नांदगावच्या अवर्षणी पट्ट्यात हे झाड लोकांना आवडतं ते उगाच नाही. मुरमाड जमीन चालते, ऊन सोसतं, धूर-धुळीला दाद देत नाही. दुभाजकावर दाट वाढून समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप अडवतं. जपानमध्ये 1945 साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, त्यानंतर त्या जळक्या भूमीवर लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती. पुढे त्या शहराने तिला आपलं फूल म्हणून मान दिला. इतकी ही चिवट जात.

आपल्याकडे कुंपणाला कण्हेर लावण्याचं खरं कारण मात्र एकच सांगतात, "ढोर तोंड लावत नाही." गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी ज्याला ठाऊक नाही, त्याच्या गोठ्यावर कधी संकट येईल सांगता येत नाही.

विष कशात आहे?

पान, फूल, साल, मूळ, बी, चीक या सगळ्यांत विष आहे. ते थेट हृदयावर काम करतं. जुन्या वैद्यांनी कण्हेरीला उपविषांत धरलं आणि तिला 'अश्वमारक', म्हणजे घोड्याला मारणारी, असं नाव दिलं. मोठ्या जनावराचा जीव जायला दहा-वीस पानंही पुरतात. शेळी-मेंढीला त्याहून कितीतरी कमी लागतात.

हिरवं पान कडू असतं, म्हणून पोटभर चारा मिळालेलं जनावर ते टाळतं. छाटलेली फांदी दोन-चार दिवस उन्हात पडली की कडवटपणा कमी होतो. विष मात्र तसंच राहतं. म्हणजे उभ्या झाडापेक्षा छाटून टाकलेला ढीग जास्त घातक. आणि छाटणीचा ढीग आपण टाकतो कुठे? रस्त्याच्या कडेला, गायरानात, नाल्याच्या काठी. नेमकी तिथंच गुरं, शेळ्या आणि मेंढपाळांचे वाडे फिरतात. उन्हाळ्यात भुकेलं जनावर निवड करत नाही.

दुसरा धोका कुट्टीचा. कुंपणाला लागूनच मका किंवा घास असेल, तर कापणीत कण्हेरीची पानं चाऱ्यात येतात. एकदा कुट्टी झाली की जनावराला ती वेगळी काढता येत नाहीत.

लावायची तर कशी?

पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची, अर्धवट पक्की काडी घ्यावी. खालची पानं काढून पिशवीत लावावी. महिना-सव्वा महिन्यात मुळ्या धरतात. कुंपणासाठी दोन झाडांत तीन फूट अंतर पुरे. जागा भरपूर उन्हाची हवी, सावलीत फुलं कमी येतात. फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतं, म्हणून बहर ओसरल्यावर छाटणी करावी. पिवळा मावा किंवा मोठी हिरवी अळी दिसते. थोडी झाडं असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुवावा आणि अळ्या वेचाव्यात.

गोठा, कडब्याची गंजी, विहीर आणि हाळ यांच्याजवळ मात्र कण्हेर नकोच. पाण्यात पडलेल्या पानांचं विष पाण्यात उतरतं. अशा ठिकाणी करवंद किंवा मेंदीचं कुंपण करावं.

छाटताना हातमोजे घालावेत, नंतर हात-तोंड साबणाने धुवावं. छाटणी त्याच दिवशी गोळा करून खड्ड्यात पुरावी. जाळू नये, चुलीतही घालू नये. धूरसुद्धा बाधतो. तिच्या काडीचं दातवण किंवा भाजायची सळई कधीही करू नये.

पोरंबाळं आणि देवपूजा

पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, तितकीच विषारी. तिच्या बियांनी पोरं खेळतात आणि खेळता खेळता तोंडात घालतात. शाळा-अंगणवाडीच्या आवारात बिट्टी असेल तर ती काढलेली बरी. देवाला फूल वाहायला हरकत नाही, पण ते प्रसादात किंवा तीर्थात पडू देऊ नये. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने 2024 मध्ये नैवेद्य-प्रसादात कण्हेरीचं फूल वापरणं बंद केलं, ते याच काळजीने.

विषबाधा झाली तर

जनावराची लाळ गळते, रवंथ थांबते, पोट दुखतं, पातळ हगवण लागते. कान-पाय थंड पडतात, ठोके अनियमित होतात. काही वेळा लक्षण दिसण्याआधीच जनावर कोसळतं. अशा वेळी झाडपाल्याच्या उपायात वेळ घालवू नये आणि जनावराला चालवूही नये. चालवलं की हृदयावर ताण येतो. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 वर फोन करावा. खाल्लेलं पान सोबत ठेवावं, म्हणजे डॉक्टरांना निदान सोपं जातं. माणसाच्या पोटात गेलं तर वाट न पाहता 108 ला बोलवावं.

ग्रामपंचायतीने काय करावं?

काम फार मोठं नाही. रस्त्याकडेची किंवा आवारातली कण्हेर छाटायचं काम देताना "छाटणी त्याच दिवशी उचलावी" ही अट लेखी घालावी. छाटणीच्या आदल्या दिवशी गुराख्यांना आणि गावात उतरलेल्या मेंढपाळांना निरोप द्यावा. ग्रामसभेत एकदा हा विषय काढावा.

कण्हेर वाईट नाही. आपल्या उन्हात टिकणारी अशी फुलझाडं थोडीच आहेत. ढोर तोंड लावत नाही हे उभ्या झाडापुरतं खरं. कोयता चालला की पुढची जबाबदारी कोयता धरणाऱ्याची.