विश्लेषण : माळ्यावरचे जुने स्पीकर घरीच दुरुस्त आणि सरस करता येतात का?

ऐंशी-नव्वदच्या दशकात हौसेने घेतलेली लाकडी खोक्याच्या स्पीकरची जोडी आजही अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटावर धूळ खात पडलेली असते. पुन्हा जोडून पाहिली तर आवाज येतो, पण त्यात घरघर असते, खर्ज नाहीसा झालेला असतो, नाही तर एका बाजूचा आवाज दबलेला असतो. मग कोणी ती भंगारात काढतो, कोणी इंटरनेटवरचे व्हिडीओ पाहून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. अशा जोडीतले नेमके काय बिघडते, घरी काय करता येते आणि कुठे हात लावू नये, याविषयी...

बिघाड नेमका कुठे होतो?

स्पीकरची मूळ रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेलेच तत्त्व आजही वापरात आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. वेटोळ्याला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू चिकटवलेला असतो. वीजप्रवाह बदलला की वेटोळे पुढे-मागे होते आणि शंकू हवा ढकलतो. या साध्या यंत्रात चुंबक सहसा म्हातारा होत नाही आणि लाकडी खोकाही पाण्यापासून वाचला तर टिकतो. म्हातारे होतात ते तीन भाग : शंकूच्या कडेचा फोम, आतल्या सर्किटमधले कपॅसिटर आणि कधी कधी ट्वीटर.

यातला फोम सर्वात आधी जातो. शंकूची कडा धातूच्या सांगाड्याला जोडणारी ही गोल, फुगीर पट्टी अनेक कंपन्या पॉलियुरेथेन फोमची बनवत. दमट हवेत त्याची रासायनिक झीज होते. पंधरा-वीस वर्षांत तो चिकट होतो आणि बोट लावले की भुगा होऊन हातात येतो. मुंबई-कोकणच्या हवेत स्पीकर बंद पडून असला तरी हे घडते. रबरी किंवा कापडी कडा असलेले स्पीकर मात्र पुष्कळ टिकतात. म्हणून पहिले काम एकच : पुढची जाळी काढून कडा पाहणे. फोम फाटला असेल तर तो स्पीकर मोठ्याने वाजवून पाहू नये. आधार सुटलेले वेटोळे फटीत घासले की दुरुस्तीजोगा स्पीकर कायमचा जातो.

फोम घरी बदलता येतो का?

येतो, आणि घरी करण्याजोग्या कामांत सर्वाधिक फळ देणारे काम हेच. मात्र घाई केली तर ते हमखास बिघडते. नवी फोमची कडी घेताना ‘आठ इंची वूफर’ एवढे सांगून भागत नाही. सांगाड्याचा आतला व्यास, शंकूचा बाहेरचा व्यास आणि कडीच्या ओठाचा उतार ही तिन्ही मापे जुळावी लागतात. जुना फोम आणि वाळलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू सोडवावा लागतो. कागदी शंकूवर जास्त द्रव ओतला तर कागद मऊ पडतो. या साफसफाईतच निम्मा वेळ जातो आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात.

खरी कसोटी पुढे असते. वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंना असलेली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. नवी कडी किंचित जरी एका बाजूला ओढली गेली, तरी वेटोळे घासू लागते. त्यावर जुन्या कारागिरांचा उपाय असा : मधली धूळटोपी ब्लेडने कापून काढायची, वेटोळे आणि मधला लोखंडी दांडा यांच्यात जाड कागदाच्या किंवा फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या आणि वेटोळे मध्यावर बसवूनच कडी चिकटवायची. गोंद वाळला की पट्ट्या काढून टोपी पुन्हा लावायची. टोपी न काढताही हे करता येते. आधी कडीचा आतला भाग शंकूला चिकटवतात. तो वाळल्यावर बाहेरचा भाग सांगाड्याला लावताना शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या जोराने खाली-वर करतात आणि कान लावून घासल्याचा आवाज येतो का ते ऐकतात. आवाज आला तर गोंद ओला आहे तोवर कडी सरकवता येते. एकदा वाळला की मग सगळे पहिल्यापासून.

कपॅसिटर बदलल्याने आवाज सुधारतो?

खोक्याच्या आत, मागच्या तारांजवळ एक छोटे सर्किट असते. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. खर्जाचे सूर वूफरकडे आणि तीव्र सूर ट्वीटरकडे वळवणे हे त्याचे काम. ट्वीटरच्या वाटेवरचा कपॅसिटर त्यातला कळीचा भाग. साध्या रचनेत ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर सुमारे ४,२०० हर्ट्झच्या वरचे सूर त्याच्याकडे जातात. तोच कपॅसिटर ३.३ मायक्रोफॅरडचा केला तर ही सीमा ६,००० हर्ट्झवर जाते आणि मधल्या पट्टीतले सूर ना धड इकडे, ना धड तिकडे. म्हणूनच ‘घरात होता तो लावला’ हा प्रकार इथे चालत नाही.

जुन्या स्पीकरमध्ये स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असत. वयानुसार त्यांचे मूल्य सरकते आणि अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे ट्वीटर मंदावतो. त्याच मूल्याचे नवे कपॅसिटर लावले की आवाज उघडल्यासारखा वाटतो, तो याच कारणाने. दोन्ही स्पीकरमध्ये बदल एकाच वेळी करावा, नाही तर डावे-उजवे जुळत नाहीत. साध्या एकदिशा इलेक्ट्रोलिटिकला इथे जागा नाही. स्पीकरसाठी द्विध्रुवी, म्हणजे ‘नॉन पोलर’ प्रकारच लागतो.

महागड्या पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटरविषयी बरेच मिथक पसरले आहे. ते टिकाऊ असतात, हे खरे. पण त्यांचा अंतर्गत रोध जुन्या भागापेक्षा कमी असल्याने ट्वीटर मूळ आराखड्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजू शकतो. काही कानांना ही ‘स्पष्टता’ वाटते, काहींना तासाभराने डोके दुखवणारा कर्कशपणा. जाणकार अशा वेळी ओहमच्या अंशाएवढा रोध जोडीला लावून मूळ तोल राखतात. मूल्य आणि रोध सारखे ठेवले तर स्वस्त आणि अतिमहाग फिल्म कपॅसिटरमधला मोजता येणारा फरक फारसा उरत नाही. तिथे पैसे ओतणे हा हौसेचा भाग, सुधारणेचा नव्हे.

वूफरच बदलून मोठा लावला तर?

घरगुती सुधारणांत सर्वाधिक नुकसान इथे होते. बाजारात वूफर इंच आणि वॉट या दोनच मापांनी विकला जातो. आठ इंची जागेत आठ इंची बसतो, शिवाय वॉट दुप्पट! घेणाऱ्याला फायद्याचा सौदा वाटतो. पण खोका हा केवळ डबा नाही. तो वूफरचाच एक भाग असतो.

एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत ‘एआर-१’ हा बंद खोक्याचा स्पीकर आणला. त्यात वूफरची कडा मुद्दाम सैल ठेवली होती आणि स्प्रिंगचे काम खोक्यात कोंडलेली हवा करत होती. छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढण्याची ती युक्ती होती. अशा खोक्याला ‘हवा खेळावी’ म्हणून भोक पाडले, किंवा वूफर परत बसवताना कडेला फट राहिली, तर ती स्प्रिंगच तुटते. उलट, मुळात नळी असलेल्या खोक्यात ती नळी विशिष्ट कंपनसंख्येला जुळवलेली असते. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे सारे गणितात बसवले. वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या, त्याची लवचीकता आणि त्याच्यावरचा चुंबकाचा ताबा ठाऊक असेल, तर त्याला किती लिटरचा खोका लागतो हे आधीच काढता येते. ‘थील-स्मॉल’ आकडे छापलेले नसलेला वूफर विकत घेणे म्हणजे नंबर न तपासता चष्मा घेण्यासारखे आहे.

दुसरा धोका ॲम्प्लिफायरला. ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा वूफर लावला, किंवा ८ ओहमचे दोन समांतर जोडले, तर ॲम्प्लिफायरवर दुप्पट प्रवाहाचा भार पडतो. जुना ॲम्प्लिफायर तापून बसतो आणि दोष स्पीकरवर येतो.

टिश्यू पेपरची गोष्ट काय आहे?

घरगुती सुधारणा नेहमीच हास्यास्पद असतात असे नाही. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ मध्ये ‘एनएस-१०’ हा पांढऱ्या शंकूचा घरगुती स्पीकर बाजारात आणला. घरांत तो फारसा रुजला नाही, पण रेकॉर्डिंग स्टुडिओंनी तो उचलून धरला. इथे चांगले वाजले तर कुठेही चांगले वाजेल, असा त्याचा लौकिक झाला. त्याचा ट्वीटर मात्र बोचरा होता. ध्वनी अभियंत्यांनी त्यावर चक्क टिश्यू पेपर चिकटवायला सुरुवात केली. कोणता टिश्यू, किती पदरी, ट्वीटरपासून किती अंतरावर, यावर वाद झडले, मोजमापेही झाली. पुढे कंपनीने स्टुडिओसाठी ट्वीटर सौम्य केलेली आवृत्ती काढली आणि कागदाची गरज संपली. बीबीसीने सत्तरच्या दशकात घडवलेल्या ‘एलएस३/५ए’ या छोट्या स्पीकरमध्ये तर ट्वीटरभोवती लोकरी नमद्याच्या पट्ट्या मूळ आराखड्यातच होत्या. कडांवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी त्या शोषून घेत.

कर्कश ट्वीटरवर नमद्याची चौकट लावून पाहणे हा म्हणूनच निरुपद्रवी प्रयोग आहे. पटला नाही तर काढून टाकता येतो. लहान मुलांच्या बोटांनी आत दबलेल्या ट्वीटरच्या घुमटाबाबत मात्र जपून. कापडी घुमट चिकटपट्टीने अलगद बाहेर ओढता येतो. धातूचा असेल तर त्याला हात न लावलेला बरा.

खोक्याचे काय करावे?

खोक्यावर बोटाने टकटक केली आणि पोकळ आवाज आला, तर खोका स्वतःच वाद्यासारखा वाजतो आहे, असे समजावे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आतून लाकडी आडवी पट्टी घट्ट बसवली, किंवा आतल्या बाजूने डांबरी पत्रे चिकटवले, तर ही थरथर कमी होते. बंद खोक्यात पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरला तर आतल्या हवेला खोका प्रत्यक्षापेक्षा किंचित मोठा भासतो. कोंबून भरला तर उलट परिणाम. नळीच्या खोक्यात नळीच्या तोंडाशी कापूस येऊ देऊ नये. स्पीकर परत बसवताना कडेला फोमची पट्टी लावावी. आणि स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरावा. चुंबक तो हिसकावून घेतो आणि टोक थेट शंकूतून आरपार जाते. दुरुस्तीच्या दुकानांत येणाऱ्या फाटक्या शंकूंपैकी काहींची कहाणी एवढीच असते.

तारा बदलून फरक पडतो?

नगण्य. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध पाच मीटर अंतराच्या जाण्या-येण्यासाठी सुमारे ०.०८ ओहम भरतो, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरच्या एक टक्का. तारेपेक्षा तिची सैल, काळवंडलेली टोके जास्त त्रास देतात. धन-ऋण उलटे जोडले गेले तर मात्र खर्ज गायब होतो. ओळखायचे कसे? घड्याळातला दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धनाला लागले असेल तर शंकू बाहेर येतो.

पैसे न घालता काय सुधारते?

जागा. दहा फूट रुंदीच्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. स्पीकर कितीही महाग असो, तो घुमणारच. भिंतीजवळ खर्ज वाढतो, तत्त्वतः एका भिंतीमागे ६ डेसिबलपर्यंत, आणि कोपऱ्यात आणखी. शोकेसच्या कप्प्यात किंवा कपाटावर ठेवलेल्या स्पीकरची खरी अडचण अनेकदा हीच असते. खाली उतरवून, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे ठेवले, तर दोन कपॅसिटर बदलून होणार नाही एवढा फरक पडतो. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये दोन फूट सोडायचे कुठून, हा प्रश्न अर्थात उरतोच. मग निदान बंद खोक्याचे स्पीकर निवडावेत. भिंतीलगत ते तुलनेने कमी घुमतात.

सुधारणा झाली की भास, हे कसे कळणार?

कानाची आठवण फार थोडा वेळ टिकते, आणि अर्धा डेसिबल मोठा आवाज अनेकांना ‘अधिक चांगला’ वाटतो. दोन दिवस खपून केलेले काम तर हमखास सरस वाटते. यावर उपाय म्हणजे एका वेळी एकाच स्पीकरमध्ये बदल करायचा, जोडीतला दुसरा तसाच ठेवायचा, आवाज सारखा करून एकाच जागी बसून दोन्ही ऐकायचे. मन स्थिरावले की मग दुसऱ्याला हात लावायचा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हा संगणकावरचा मोफत प्रोग्राम आणि मोजमापाचा छोटा यूएसबी मायक्रोफोन असेल तर आलेखच समोर येतो. मल्टिमीटर तर हवाच. ८ ओहमचा चांगला वूफर त्यावर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही तर वेटोळे जळाले आहे आणि फोम बदलण्याचे कष्ट घेण्यात अर्थ नाही.

कारागिराकडे कधी जावे?

वेटोळे जळाले असेल किंवा शंकू फाटला असेल तर ते घरचे काम राहत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे भाग मिळतात. वेटोळे आणि शंकू नवे बसवून देणारे कारागीर अजून अनेक शहरांत आहेत. त्यांचे मुख्य गिऱ्हाईक मांडववाले आणि बँडवाले, त्यामुळे गणेशोत्सव आणि लग्नसराईच्या तोंडावर घरगुती काम मागे पडते. त्यांच्याकडे जाताना बिघडलेल्या वूफरसोबत जोडीतला चालू वूफरही न्यावा. नव्या वेटोळ्याचे माप आणि शंकूचे वजन त्याच्याशी जुळवता येते. मोठ्या कार्यक्रमांच्या स्पीकरचा जड शंकू लावला तर तो वाजेल खणखणीत, पण शेजारच्या मूळ स्पीकरशी त्याचा सूर जमणार नाही.