पेशंट घरी आला, आता औषधांचा हिशोब कोण ठेवणार? फार्मासिस्टचं काम फक्त गोळ्या देण्याचं नसतं

जून 2020 मध्ये ठाण्यात बाळकुम-साकेतच्या ग्लोबल हब इमारतीत महापालिकेनं हजाराहून जास्त खाटांचं कोविड हॉस्पिटल सुरू केलं. त्या काळात हॉस्पिटलमधून घरी परतणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं होतं. उरलेली अर्धी घरीच लढायची असते. आजही आजार कोणताही असो, वॉर्डात नर्स जे बघते ते डिस्चार्जनंतर घरच्यांवर येतं. अशा वेळी सगळ्यात जवळचा जाणकार असतो तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधला फार्मासिस्ट.

कायदा काय सांगतो?

1948 च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी त्यात समुपदेशनाची जबाबदारीही घातली. औषध कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, दुष्परिणाम काय होऊ शकतात, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे त्यानं सांगणं अपेक्षित आहे. म्हणजे हे विचारणं हा तुमचा हक्क आहे, उपकार मागणं नाही.

घरी नेमकं कुठे चुकतं?

- एकच औषध, दोन नावं: जुनी आणि नवी गोळी वेगळ्या ब्रँडची, पण आतला घटक तोच. नकळत डबल डोस जातो.
- नळीतून औषध: नाकातल्या नळीतून देण्यासाठी गोळ्या कुटल्या जातात. पण हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर सगळा डोस एकदम शरीरात जातो.
- वेळेचा घोळ: थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी यांत साधारण चार तासांचं अंतर लागतं.
- धोकादायक जोडी: रक्त पातळ करणारं औषध सुरू असताना मनानं पेनकिलर घेतली, तर रक्तस्राव होऊ शकतो.
- इन्सुलिन: न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही.

मग अडचण कुठे आहे?

26 मार्च 2020 रोजी केंद्रानं परवानाधारक दुकानांना, काही औषधं वगळून, घरपोच औषधं द्यायला परवानगी दिली. सोय झाली, पण डिलिव्हरी बॉय पिशवी देतो, सल्ला देऊ शकत नाही. औषध घरी पोहोचलं, माहिती काउंटरवरच राहिली.

तुम्ही काय करू शकता?

डिस्चार्ज कार्ड आणि घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत भरून मेडिकलमध्ये न्या. फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा आणि वेळेनुसार तक्ता करून घ्या. घरपोच मागवत असाल, तर दुकानात फोन करून त्याच्याशी बोला. डोस बदलणं किंवा औषध बंद करणं मात्र डॉक्टरांचंच काम. औषधाचा त्रास झाला, तर डॉक्टरांना कळवा. 1800-180-3024 या टोल फ्री क्रमांकावरही त्याची नोंद करता येते.