क्रॉसफेड-नियंत्रके

एक ध्वनी क्रमाने मंद होत असतानाच दुसरा ध्वनी क्रमाने स्पष्ट होत जावा व दोहोंमध्ये खंड जाणवू नये, अशा रीतीने केलेल्या जोडणीस ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात क्रॉसफेड म्हणतात. ही जोडणी करण्यासाठी वापरणाऱ्याच्या हाताशी दिलेल्या गुंड्या, सरकपट्ट्या व कळा, तसेच संगणकाच्या पडद्यावरील त्यांच्या प्रतिकृती, ही क्रॉसफेड-नियंत्रके होत. चित्रपटात एक दृश्य विरत असताना दुसरे उमटते, त्याचाच हा ध्वनीतील प्रकार होय. पुढील विवेचनात मंद होणाऱ्या ध्वनीस ‘मावळता’ व स्पष्ट होणाऱ्यास ‘उगवता’ असे म्हटले आहे.

पूर्वपीठिका : मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. तबकड्यांच्या काळात नभोवाणी केंद्रांवर दोन तबकडी-यंत्रे शेजारी ठेवून प्रत्येकाची पातळी वेगळ्या गुंडीने बदलीत. क्रॉसफेड म्हणजे दोन हातांची एकाच वेळी झालेली विरुद्ध हालचाल असे आणि तिचा आकार सर्वस्वी कानावर ठरे. नभोनाट्यात स्थळ वा काळ बदलल्याचे सूचित करण्यासाठी हे तंत्र विशेष उपयोगी पडले. पुढे चुंबकीय फीत आली. ती कापून जोडताना छेद सरळ न घेता बहुधा ४५ अंशांनी तिरका घेत. पाव इंच रुंदीची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावत असल्यास अशा छेदावरून जाण्यास सु. ३३ मिलिसेकंद लागतात व तेवढ्या अवधीत एक ध्वनी दुसऱ्यात मिसळतो. तिरका छेद हे अशा रीतीने लहानसे क्रॉसफेडच होते. मात्र त्यात मूळ फीत कापली जाई. नृत्यगृहांसाठी केलेल्या मिक्सरांवर दोन्ही गुंड्यांचे काम करणारी एकच आडवी सरकपट्टी आली. संगणकात हीच क्रिया गणिताने होते. परिणामी हात व कान यांचा पूर्वीचा थेट संबंध तुटला आणि तो पुन्हा जोडून देण्याची जबाबदारी नियंत्रकांच्या आखणीवर आली.

वक्राची निवड : मावळत्या व उगवत्या ध्वनींची पातळी कोणत्या वक्राने बदलावी हा यातील कळीचा प्रश्न आहे. खानदेशात श्रावणात कानबाईचा उत्सव होतो. धुळे शहराच्या देवपूर भागातील एखाद्या घरी बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी व दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीतील वाद्ये अशी दोन ध्वनिमुद्रणे जोडावयाची आहेत, असे समजू. दोन्ही पातळ्या सरळ रेषेने बदलल्यास मध्यबिंदूवर प्रत्येकीचा परमप्रसर निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी होतो. परस्परांशी संबंध नसलेल्या ध्वनींच्या बाबतीत शक्तींची बेरीज होते. प्रत्येकीची शक्ती एकचतुर्थांश उरल्यामुळे एकूण शक्ती निम्मी होते व मध्यभागी ३ डेसिबलचा खळगा ऐकू येतो. गाणे ओसरले, पण वाद्ये अजून आलीच नाहीत, असा भास होतो. त्याऐवजी ज्या व कोज्या या फलनांचे वक्र वापरल्यास मध्यबिंदूवर प्रत्येक परमप्रसर ०·७०७ पट राहतो आणि एकूण शक्ती कायम राहते.

याउलट एकाच गाण्याच्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती तंतोतंत जुळवून जोडल्यास परमप्रसरांचीच बेरीज होते. येथे सरळ रेषा योग्य ठरते, तर ज्या-कोज्या वक्राने मध्यभागी १·४१ पट, म्हणजे ३ डेसिबलचा फुगवटा येतो. मूळ ध्वनी कमाल मर्यादेच्या जवळ असल्यास तेथे तो चिरका होतो. एकच वक्र सर्वत्र चालत नाही; म्हणून निवड वापरणाऱ्याकडे ठेवावी लागते.

नावे : ही निवड कोणत्या शब्दांत विचारावी, यावर नियंत्रकाची स्पष्टता अवलंबून असते. रॉजर डॅनेनबर्ग व डॉमिनिक मॅझोनी यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात आरंभ केलेली ऑडॅसिटी ही मुक्त आज्ञावली २००० मध्ये प्रकाशित झाली. तिच्या तिसऱ्या मालिकेतील आवृत्त्यांत वक्रांना ‘स्थिर लाभ’, ‘स्थिर शक्ती १’ व ‘स्थिर शक्ती २’ अशा अर्थाची नावे आहेत. अभियंत्यास ती अचूक वाटतात. परंतु ती आतील गणिताची नावे आहेत, कानाला येणाऱ्या अनुभवाची नव्हेत. गाणी गोळा करणाऱ्या शिक्षकास वा लोकसाहित्याच्या अभ्यासकास आपले दोन तुकडे एकाच जातीचे आहेत की भिन्न, एवढे निश्चित ठाऊक असते. तेव्हा ‘दोन्ही ध्वनी सारखे’ व ‘दोन्ही ध्वनी वेगळे’ अशी निवड दिल्यास गणित न जाणणाराही योग्य वक्र निवडू शकतो. मावळता कोणता व उगवता कोणता, हे बहुतेक वेळा तुकड्यांच्या क्रमावरूनच ठरते. हा प्रश्न विचारू नये. मात्र यंत्राने काय गृहीत धरले ते दाखवावे.

अवधी व मर्यादा : जोडणीचा अवधी कामानुसार फार बदलतो. एकाच भाषणातील दोन वाक्ये जोडताना सांध्यावरील टकटक घालविण्यास ५ ते १० मिलिसेकंद पुरतात. गाण्यातून वाद्यवृंदात जाताना कित्येक सेकंद लागतात. ० ते २० सेकंदांच्या समप्रमाण सरकपट्टीवर मिलिसेकंदांचे मूल्य साधणे अशक्यप्राय असते. म्हणून पट्टीचे अंशांकन लॉगरिथमी ठेवावे व शेजारी आकडा लिहिण्याची चौकट एककासह द्यावी. अवधी तुकड्यापेक्षा मोठा असू शकत नाही. तसेच एकाच तुकड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसफेड असल्यास त्या अवधींची बेरीज सामान्यतः तुकड्याच्या लांबीच्या आत राहावी लागते. अशक्य मूल्य गुपचूप बदलण्यापेक्षा पट्टी शक्य त्या कमाल मूल्याशी थांबावी व थांबण्याचे कारण तेथेच लिहिलेले असावे.

दिशा व संकेत : हालचालीची दिशा सवयीशी सुसंगत असावी लागते. पातळी वाढविण्यासाठी फेडर आपल्यापासून दूर ढकलण्याचा संकेत सर्वत्र रूढ आहे. परंतु ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या अनेक जुन्या मिक्सरांवर तो आपल्याकडे ओढावा लागे. दोन्ही संकेत वापरण्याजोगे आहेत. धोका आहे तो एकाच कक्षात दोन्ही असण्याचा. पडद्यावरील आडव्या पट्टीच्या टोकांना केवळ डावे-उजवे न म्हणता त्या त्या ध्वनीचे नाव लिहावे. मावळता व उगवता यांतील फरक केवळ रंगाने दाखवू नये. प्रत्येक नियंत्रक कळफलकावरूनही चालावे व पडदावाचकास त्याचे नाव आणि मूल्य सांगता यावे, म्हणजे दृष्टिहीन संपादकासही काम करता येते.

पडताळणी व प्रतिनिवृत्ती : क्रॉसफेडची परीक्षा कानानेच होते. दोन्ही वक्र तरंगाकृतीवर रेखून दाखविणे उपयुक्त असले, तरी ते ऐकण्याची जागा घेऊ शकत नाही. सांध्याच्या थोडे अगोदरपासून थोड्या नंतरपर्यंतचा भाग एकाच कळीने पुनःपुन्हा ऐकता यावा आणि ऐकत असतानाच मूल्ये बदलता यावीत. ‘लागू करा’ म्हटल्यावर मूळ ध्वनी नष्ट न होता जोडणीची केवळ नोंद व्हावी. पूर्वीच्या फितीवर हे शक्य नव्हते. संगणकात ते न करण्यास सबळ कारण उरलेले नाही.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व नभोवाणी केंद्रापेक्षा घरगुती संग्राहकास अधिक आहे. केंद्रात मूळ ध्वनिमुद्रण जपण्याची व्यवस्था असते. देवपूरच्या घरात वृद्ध गायिकेच्या गाण्याची बहुधा एकच प्रत असते, ते गाणे दुसऱ्या कोणास येत असेलच असे नाही आणि पुढील श्रावणात तिचा आवाज तसाच लागेल याची शाश्वती नसते. अस्पष्ट नावाच्या कळीने त्या प्रतीची अखेरची ओळ मिरवणुकीच्या वाद्यांत कायमची बुडाली, तर ती कोणत्याही गणिताने पूर्णपणे परत मिळत नाही; कारण मिसळलेले दोन ध्वनी वेगळे करण्याच्या आधुनिक पद्धतीही मूळ ध्वनीचा केवळ अंदाजच देतात. क्रॉसफेड-नियंत्रकांची आखणी करताना कुशल अभियंत्याच्या सोयीइतकाच अशा एकमेव प्रतीचा बचाव हाही निकष मानावा लागतो.