दीड मीटरची चळत

२०१४ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकाने एक अजब हिशेब मांडला. ‘वेब ऑफ सायन्स’ या सूचीत तेव्हा सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदी होत्या. प्रत्येकीचे फक्त पहिले पान छापून ती पाने एकावर एक रचली, तर चळत किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंच माथ्याला जवळजवळ टेकेल. इतर संशोधकांनी हजाराहून जास्त वेळा ज्यांचा संदर्भ दिला, असे लेख त्यात १४,४९९. त्यांची चळत जेमतेम दीड मीटर. उरलेल्या डोंगराची गत अशी, की जवळपास निम्म्या नोंदींना फार तर एक संदर्भ मिळाला, नाहीतर तोही नाही.

या दीड मीटरमध्ये आनुवंशिकी अगदी वरच्या थरात आहे. फ्रेडरिक सँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७७चा लेख अवघ्या पाच पानांचा. डीएनएमधली अक्षरे क्रमाने कशी वाचायची, एवढेच त्यात सांगितले आहे. सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या लेखांच्या यादीत तो चौथा. संदर्भ ६५ हजारांच्या वर. जनुकीय क्रम ताडून पाहणाऱ्या ‘ब्लास्ट’ या संगणक-प्रणालीचा १९९०चा लेख बारावा. संदर्भ ३८ हजारांच्या वर. पहिल्या शंभरात यायला १२,११९ संदर्भ लागत होते. आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडणारा, नोबेल मिळवून देणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३चा लेख? तो या शंभरात नाहीच.

कारण साधे आहे. पद्धत वापरली, की ती कुणाची हे लिहावे लागते. सँगरच्या रीतीने क्रम वाचणारा प्रत्येक जण त्यांचे नाव टाकत गेला. शोध मात्र एकदा शालेय पुस्तकात गेला, की त्याचा संदर्भ द्यायची गरजच संपते. डीएनएला दोन धागे असतात, हे सांगताना आज कोण तळटीप देतो? आकडा मोजतो तो वापर. जे सगळ्यांचे झाले, ते त्याच्या हिशेबातून गळते.

हीच फूटपट्टी आनुवंशिकीचा पाया घालणाऱ्या ग्रेगर मेंडेलला लावून पाहावी. ब्र्नोच्या मठातल्या बागेत १८५६ ते १८६३ या आठ हंगामांत त्याने वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे तपासली. म्हणजे हंगामाला सरासरी साडेतीन हजार. एकाच प्रयोगात त्याने ७,३२४ दाणे मोजले. त्यांत गोल ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. प्रमाण २.९६ला १. या सगळ्याचा १८६६ मध्ये एक लेख झाला, पन्नास पानांच्याही आतला. त्याच्या ४० सुट्या प्रती त्याने छापून घेतल्या, म्हणजे प्रतीमागे सातशे रोपे. मूळ अंक शंभराहून अधिक ग्रंथालयांत आणि संस्थांत पोहोचला. तरी पुढच्या चौतीस वर्षांत संदर्भ मिळाले ते डझनभराच्या आसपास, आणि त्यांतही मर्म फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. १९०० मध्ये डी व्ह्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तिघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी काही महिन्यांच्या अंतराने तो लेख उजेडात आणला, तेव्हा मेंडेलला जाऊन सोळा वर्षे झाली होती.

आज संशोधकाची पत बऱ्याचदा ‘एच-इंडेक्स’ने ठरते. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. चाळीस लेख आणि त्यांतल्या प्रत्येकाला निदान चाळीस संदर्भ असतील, तर इंडेक्स ४०. तो लेखांच्या संख्येपलीकडे कधीच जात नाही. वनस्पतींच्या संकरावर मेंडेलचे लेख दोनच, दुसरा हायरेशियम या रानफुलावरचा. म्हणजे या कामासाठी त्याचा एच-इंडेक्स प्रलयापर्यंत २च्या वर जाणार नाही, मग संदर्भ लाखभर होवोत.

आता दुसरे टोक. २०१५ मध्ये ‘जी-थ्री’ या नियतकालिकात फळमाशीच्या एका गुणसूत्रावर लेख आला. लेखक १,०१४. त्यांतले नऊशेहून अधिक जण पदवीचे विद्यार्थी. त्यांनी जनुकीय क्रमातल्या चुका शोधल्या, जनुके कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते ठरवले. काम खरे होते, म्हणून नावेही आली. प्रत्येकाच्या खात्यावर ‘१ शोधनिबंध’ अशी नोंद झाली.

आठ हंगाम आणि २८ हजार रोपे यांची नोंदही तीच: ‘१ शोधनिबंध’. मोजणीत चूक कुठेच नाही. फक्त दोन्हीकडे एकक एकच धरले आहे. म्हणून निवड समितीपुढे एखाद्याची प्रकाशनसूची आली, की बेरीज करण्याआधी त्यातला एक तरी लेख उघडून वाचावा.