वृक्षशल्य-व्यवसायातील वाहने व यंत्रे : भार आणि तास यांचा हिशोब

वृक्षशल्य ही संज्ञा मराठीत अद्याप फारशी रुळलेली नाही. वठलेल्या किंवा धोकादायक झालेल्या फांद्या शास्त्रोक्त रीतीने छाटणे, वस्तीतील मोठा वृक्ष तुकड्यातुकड्यांनी खाली उतरविणे, उरलेला बुंधा काढणे व निघालेला सर्व माल वाहून नेणे, एवढ्या कामांचा समावेश तीत होतो. जन्माने इंग्रज असलेल्या जॉन डेव्ही यांनी अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या कलेची साधने हातकरवत, दोर व शिडी एवढीच होती. आज ब्रिटनमधील तीन माणसांची लहानशी तुकडीसुद्धा कामावर निघते ती टिपर-गाडी, तिच्यामागे फांद्यांच्या ढलप्या करणारा चिपर, चार-पाच साखळी-करवती आणि प्रसंगी उचल-मंच घेऊन. यंत्रे वाढली तसा व्यवसायाचा गुरुत्वमध्यही झाडावरून रस्त्याकडे सरकला. हा व्यवसाय कशावर तगतो व कशामुळे बुडतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर या यंत्रसामग्रीच्या हिशोबाकडेच पाहावे लागते.

या यांत्रिकीकरणास तंत्राइतकीच आपत्तीही कारणीभूत झाली. १९५९ मध्ये जर्मनीतील श्टील कारखान्याने दंतचक्रांविना थेट चालणारी हलकी पेट्रोल-करवत बाजारात आणली व एकट्या माणसाने करवत चालविणे सुकर झाले. पुढे एल्म वृक्षांवर डच एल्म रोगाची साथ येऊन ब्रिटनमधील अडीच कोटींहून अधिक वृक्ष गेले. आणि १९८७ च्या ऑक्टोबरमधील वादळाने एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडे पाडली. इतका माल हातांनी हलविणे अशक्यप्राय होते. फांद्यांचा ढीग गाडीत भरला असता त्यात बहुतांश पोकळीच असते. तोच चिपरमधून काढला की त्याचे आकारमान कितीतरी पटींनी घटते. चिपर या धंद्याचा कणा बनला, तो या साध्या कारणाने.

परंतु आकारमान घटले म्हणून वजन घटत नाही, आणि येथेच या धंद्यातील सर्वांत मोठी अडचण उभी राहते. ब्रिटनमध्ये मालासह ३,५०० किलोग्रॅमपर्यंत वजनाची मोटार सामान्य परवान्यावर चालविता येते. १ जानेवारी १९९७ पूर्वी मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतच्या गाड्या चालविण्याची सवलत आहे; त्यानंतरच्यांना त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिवाय मालवाहू गाडी साडेतीन टनांवरील असेल, तर व्यवसायाला ‘चालक-संस्थे’चा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. गाडी ठेवण्याची नियत जागा, ठराविक मुदतीची तपासणी, तिच्या नोंदी आणि पुरेशी आर्थिक ऐपत ही त्याची अंगे होत. साहजिकच लहान व्यावसायिक साडेतीन टनांच्या मर्यादेतच राहू पाहतो.

ही मर्यादा व्यवहारात किती आखूड पडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. उंच कडांची पेटी बसविलेल्या रिकाम्या टिपरचे वजन २,४०० किलोग्रॅम धरू. तीन माणसे त्यांच्या पेहरावासह २५० किलोग्रॅम, करवती, दोर, इंधनाचे डबे व हत्यारे १५० किलोग्रॅम. एकूण २,८०० झाले. मालासाठी उरले ७००. ओल्या ताज्या ढलप्यांचे वजन जात व ऋतू यांनुसार दर घनमीटरास सुमारे ३०० ते ४०० किलोग्रॅम भरते. ३५० हा मध्य घेतला तर कायदेशीर भार दोन घनमीटरांतच संपतो. गाडीची पेटी मात्र चार घनमीटरांची आहे. ती काठोकाठ भरली की माल १,४०० किलोग्रॅम व गाडी ४,२०० किलोग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या वर वीस टक्के. मागे चिपर जोडलेला असल्यास त्याच्या जोडदांड्याचा जो भार गाडीवर येतो, तो आणखी वेगळा. पेटी अर्धी रिकामी दिसत असतानाच गाडी भरलेली असते, ही गोष्ट डोळ्यांना पटत नाही. म्हणूनच ती वजनकाट्यावर पडताळून पाहावी लागते.

मोह कोठून उत्पन्न होतो, तेही याच आकड्यांत आहे. एका कामातून आठ घनमीटर ढलप्या निघाल्या, तर नियमाने चार खेपा होतात, नियमबाह्य रीतीने दोन. टाकण्याची जागा जाऊन-येऊन तासाच्या अंतरावर असेल, तर नियम पाळणाऱ्याचे दोन तास अधिक जातात आणि तेवढा वेळ उरलेली माणसे बऱ्याच अंशी खोळंबतात. हा खर्च ज्याने आपल्या दरात धरला नाही, तो एकतर तोट्यात जातो किंवा गाडी जादा लादतो. जादा लादलेली गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. तिच्या मागील आसावर व टायरांवर ताण येतो आणि उतारावर तिचे ब्रेक तापतात. रस्त्यावरील तपासणीत सापडल्यास दंड होतो, भार उतरविल्याविना गाडी पुढे नेऊ दिली जात नाही, आणि मालकाबरोबर चालकही जबाबदार धरला जातो. तेव्हा जाणते व्यावसायिक खेपच वाचविण्याकडे लक्ष देतात : ढलप्या त्याच बागेत झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरणे, ओंडके जळणासाठी घरमालकाकडेच ठेवणे, अथवा जवळच्या शेताशी माल स्वीकारण्याचा करार करणे.

कायदा यंत्राचे रूपही कसे ठरवितो, याचे उत्तम उदाहरण चिपरमध्ये सापडते. १९९७ नंतर परवाना मिळालेल्या चालकांना साधारणतः ७५० किलोग्रॅमपर्यंतचाच ट्रेलर ओढता येत असे. त्याहून जड ट्रेलर हवा असल्यास गाडी व ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या आत असावी लागत. परिणामी कारखानदारांनी ७५० किलोग्रॅमच्या आत बसणारे चिपर तयार केले व त्यांचा एक वर्गच निर्माण झाला. १६ डिसेंबर २०२१ पासून सामान्य परवान्यावर ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढण्यास मुभा मिळाली व हे बंधन सैल झाले. तथापि प्रत्येक गाडीची ओढण्याची स्वतःची क्षमता व गाडी-ट्रेलर मिळून ठरविलेली वजनमर्यादा कायमच आहे. चालकाचा परवाना रुंदावला म्हणून गाडीचे बळ वाढत नाही.

चिपरची आंतररचना समजली म्हणजे त्याची निगा का महत्त्वाची, तेही कळते. दोन दातेरी रूळ फांदी आत ओढतात. वेगाने फिरणाऱ्या जड चक्रावरील किंवा नळकांड्यावरील पाती तिला समोरच्या स्थिर ऐरणीवर कापतात. आणि त्याच चक्राने निर्माण केलेल्या वाऱ्याने ढलप्या नळीतून गाडीत फेकल्या जातात. पात्याची धार व पाते-ऐरण यांमधील नेमके अंतर या दोन गोष्टींवर सर्व अवलंबून असते. धार गेली की कापण्याऐवजी चिरडणे सुरू होते, ढलप्यांऐवजी लांब धागे निघतात, नळी तुंबते, इंजिन दमते व इंधन अधिक जळते. इंजिनाचा वेग विशिष्ट मर्यादेखाली गेल्यास रूळ आपोआप थांबविणारी योजना आधुनिक यंत्रांत असते. ते वारंवार थांबू लागले, तर दोष बहुधा लाकडाच्या जाडीचा नसून पात्यांचा असतो. पात्यांची खरी शत्रू माती होय. जमिनीवरून फरफटत आणलेल्या फांदीला चिकटलेले खडे एका क्षणात धार मोडतात. म्हणून फांद्या उचलून आणण्याची शिस्त ही यंत्राच्या निगेचाच भाग समजावी. हेच रूळ सैल बाही किंवा दोरही तितक्याच सहजपणे ओढून नेतात. यासाठी तोंडाशी असलेला थांब-दांडा दररोज काम सुरू करण्यापूर्वी तपासणे अत्यावश्यक ठरते.

अलीकडच्या काळात या हिशोबाला ॲश वृक्षांच्या रोगाने नवे वळण दिले. मूळचा पूर्व आशियातील हा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली निश्चितपणे आढळला, आणि तेथील सुमारे ८० टक्क्यांपर्यंत ॲश वृक्ष त्याला बळी पडतील असा अंदाज व्यक्त झाला. रोगग्रस्त ॲशचे लाकूड ठिसूळ बनते, व दुर्बळ मुळांना दुसऱ्या बुरश्याही ग्रासतात. झाडावर दोराने चढणारा मनुष्य आपला सर्व भार त्याच झाडावर टाकीत असतो. आधारच अविश्वसनीय झाला की कौशल्य निरुपयोगी ठरते. येथे उचल-मंच हे सोयीचे साधन न राहता जीवरक्षक साधन होते. घड्या घालून बागेच्या अरुंद फाटकातून नेता येणारे, साखळपट्ट्यांवर चालणारे मंच त्यासाठी उपलब्ध आहेत. पण आधार नाहीसा होत नाही, तो केवळ जागा बदलतो : झाडाऐवजी आता मंचाच्या चार पायांखालील जमीन विश्वासार्ह असावी लागते. भिजलेली हिरवळ, जुना हौद किंवा उतार येथे पायांखाली भार पसरविणाऱ्या फळ्या नसतील, तर धोका पूर्वीइतकाच राहतो. उघड्यावर वापरावयाच्या अनेक मंचांना वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर अशी दिलेली असते. माणसे उचलणाऱ्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून सामान्यतः दर सहा महिन्यांनी कसून तपासणी व्हावी, असे १९९८ च्या विनियमांनी घालून दिले आहे.

असा मंच विकत घ्यावा की भाड्याने आणावा? घसारा, विमा, तपासणी व साठवणूक मिळून एखाद्या यंत्राचा वर्षाचा स्थिर खर्च ६,००० पौंड आहे असे मानले, तर शंभर दिवस वापरल्यास तो दिवसाला ६० पौंड पडतो, वीसच दिवस वापरल्यास ३००. यंत्राची किंमत तीच, पण निष्क्रिय दिवसांनी ते पाचपट महाग केले. याच न्यायाने दररोज लागणारी गाडी व चिपर मालकीचे असावेत, आणि बुंधा खरवडण्याचे यंत्र किंवा उंच मंच कामापुरते भाड्याने आणावेत, असा निष्कर्ष लहान तुकडीच्या बाबतीत बहुधा निघतो. मात्र हा निर्णय अंदाजाने करता येत नाही. त्याकरिता प्रत्येक यंत्राच्या तासांची वही हवी. गाडीची झीज मैलांत मोजता येते. चिपर मात्र एकाच जागी उभा राहून झिजतो, म्हणून त्याचे तेल, पट्टे व पाती यांचा क्रम तास-मापकावरच ठरवावा लागतो.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ साली झाला, आणि मुंबईसारख्या शहरात दर पावसाळ्यापूर्वी छाटणीचे मोठे काम निघते. परवान्यांचे नियम येथे वेगळे असले, तरी ओल्या लाकडाचे वजन, बोथट पात्याचे वर्तन व खचणारी जमीन यांचे नियम तेच आहेत. छाटणीच्या कंत्राटाचा दर ठरविताना खेपांची संख्या व यंत्रांचे तास प्रथम मांडले, तर गाडी जादा लादण्याचा वा ठिसूळ फांदीवर माणूस चढविण्याचा प्रसंग पुष्कळ अंशी टाळता येईल.